परत फिरलेली माणसं

आत्या रस्ता ओलांडायला उभी राहते तेव्हा आधी सिग्नलकडे बघत नाही, पायाशी बघते. फूटपाथची कड तिच्या अर्ध्या पोटरीपर्यंत येईल इतकी उंच आहे. आधी काठी खाली टेकवायची, मग उजवा पाय, मग ऑपरेशन झालेला डावा. तेवढ्यात हिरव्या दिव्याचे तीन-चार सेकंद निघून जातात. एका संध्याकाळी मी तिच्या मागे उभी राहून मोबाईलवर वेळ लावली. चालणाऱ्यांसाठीचा हिरवा दिवा एकूण १८ सेकंद होता आणि रस्ता साधारण १६ मीटर रुंद. आत्या दुभाजकाच्या जराशी पुढे गेली आणि दिवा बदलला. एका गाडीने हॉर्न दिला, मग दुसरीने. आत्या थबकली, वळली आणि दुभाजकाला टेकून उभी राहिली. पुन्हा हिरवा लागला तेव्हा ती पलीकडे गेली नाही. माझ्याकडे परत आली.

"राहू दे गं," म्हणाली, "पुस्तक काय, पुढच्या आठवड्यात बदलू."

पुढच्या आठवड्यात बदललं नाही. त्यानंतरही नाही. आता वाचनालयातून तिची पुस्तकं मी आणते. काय आणू विचारलं तर "आण काहीही" म्हणते. कपाटासमोर अर्धा-अर्धा तास उभी राहून पुस्तक निवडणारी बाई ही. तिने तक्रार केली असती तर मला कमी लागलं असतं.

शहराच्या मध्यभागात चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी निधी खर्च करायचा की नाही, यावर हरकती आणि सूचना मागवल्या गेल्या, तेव्हा मी जनसुनावणीला गेले ती आत्याचं ते वळणं डोळ्यांसमोर ठेवूनच. आराखडा तसा मोठा नव्हता. मुख्य रस्त्याच्या एका बाजूचं पार्किंग काढून फूटपाथ रुंद करायचा, सायकलींना कठडा घालून वेगळी पट्टी द्यायची, चौकातली क्रॉसिंग फूटपाथच्या पातळीला आणायची, आणि ज्या गाड्यांना मध्यभागात काही काम नाही, नुसतं आरपार जायचंय, त्यांना बाहेरच्या रस्त्याने वळवायचं. सभागृह भरलं होतं. तीन तास लोक बोलत होते आणि मी वहीत उतरवून घेत होते.

सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या त्या अगदी सुरुवातीच्या एका वाक्याला: आधी खड्डे बुजवा, मग सायकलींचे लाड करा. रोज त्या खड्ड्यांतून पाठीचे हाल करून घेणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, यात मला वावगं वाटत नाही. पण अशा कामांचा निधी बहुतेक वेळा कामाचं नाव लावूनच आलेला असतो. त्या कामावर खर्च झाला नाही तर तो परत जातो, खड्ड्यांकडे वळत नाही. हे अधिकाऱ्यांनी पहिल्या पाच मिनिटांत स्वच्छ सांगायला हवं होतं. त्यांनी ते दुसऱ्या तासात, कागद चाळत सांगितलं, आणि तोवर लोकांची मनं तयार होऊन गेली होती.

शिवाय खड्डे पडतात कशाने, हे कोणी विचारलंच नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर सतत ट्रक फिरवले गेले आणि कुठल्या वजनाने रस्ता किती झिजतो ते मोजलं गेलं. त्यातून निघालेला ढोबळ नियम अभियंते आजही वापरतात. गाडीच्या आसावरचा, म्हणजे समोरासमोरच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावरचा, भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज जवळपास सोळा पटींनी वाढते. या हिशेबात सायकल आणि पायी माणूस धरायचीही गरज पडत नाही. रस्त्याचा खर्च ज्यांच्यामुळे वाढत नाही, त्यांनाच दरवेळी रस्त्याच्या दुरुस्तीचं कारण सांगून थांबवायचं, हे मला पटत नाही.

मग एक दुकानदार उठले. त्यांनी आवाज चढवला नाही. "माझ्या दारासमोर चार गाड्या लागतात," म्हणाले. "त्या लागल्या नाहीत तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. तुमचा प्रयोग फसला तर तुम्ही साहेब पुढच्या प्रकल्पाला लागाल. मी कुठे जाऊ?"

सभागृह गप्प झालं. माझ्या शेजारी बसलेला सायकलवाला मुलगा पुटपुटला, "यांना काही कळत नाही." मला त्याचा राग आला. कारण त्या माणसाला त्याचं दुकान नीट कळत होतं. महिन्याचं भाडं, नोकरांचे पगार, मंदीचे दिवस हे सगळं त्याच्या अंगावर आहे, आपल्या नाही. त्याला कळत नव्हतं ते एवढंच, की दारात येणारी माणसं येतात कशी. आणि ते दुकानात उभं राहून कळणं खरोखरच अवघड आहे. गाडीने आलेलं गिऱ्हाईक दिसतं. जागा शोधतं, चिडतं, आत येऊन पार्किंगबद्दल बोलतं. पायी आलेलं गिऱ्हाईक नुसतं येतं.

बर्लिनमध्ये कोटबुसर डाम आणि हेरमानश्ट्रासं या दोन बाजाररस्त्यांवर अभ्यासकांनी दुकानदारांना विचारलं, तुमची किती गिऱ्हाइकं गाडीने येतात? दुकानदारांचा अंदाज होता साधारण २२ टक्के. मग गिऱ्हाइकांनाच विचारलं. गाडीने आलेले ७ टक्क्यांच्याही आत निघाले, आणि निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं एक किलोमीटरच्या आत राहणारी. हा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे, जे दुकानदार स्वतः गाडीने दुकानात येत, त्यांचा अंदाज जास्त चुकत होता. आपण ज्या काचेतून रस्ता बघतो तसाच तो सगळ्यांना दिसत असणार, असं माणूस धरून चालतो. मीही आत्याच्या मागे उभी राहीपर्यंत तसंच धरून चालले होते.

पण त्या दुकानदाराच्या भीतीचा दुसरा भाग खरा होता आणि त्याला आराखड्यात उत्तर नव्हतं. खोदकाम सुरू झालं की दुकानासमोर किती महिने पत्रे लागणार? माल उतरवायला टेम्पो कुठे आणि किती वाजता उभा राहणार? ज्याला चालताच येत नाही अशा माणसाची गाडी दारापर्यंत कशी येणार? यातली एकही गोष्ट अशक्य नाही. माल सकाळी ठरावीक वेळेत उतरवता येतो, काम एका वेळी एकाच तुकड्याचं काढता येतं, अपंगांच्या गाड्यांसाठी जागा राखून ठेवता येते. पण ती कागदावर लिहिलेली हवी. "बघू, करू काहीतरी" या उत्तरावर कोणी आपली रोजीरोटी सोडून देत नाही, आणि द्यावी अशी अपेक्षाही आपण ठेवू नये.

जिथे जिथे हे काम झालं तिथे हीच भीती आधी बोलली गेली आहे. कोपनहेगनमध्ये १९६२ च्या नोव्हेंबरात स्ट्रॉयेट नावाचा एक किलोमीटरहून लांब बाजाररस्ता गाड्यांना बंद केला, तेव्हा तोही आधी प्रयोग म्हणूनच होता. व्यापारी खवळले होते. आपल्या थंडीत रस्त्यात कोण रेंगाळणार, हे काय इटली आहे का, असं म्हटलं जात होतं. आज तो रस्ता माणसांनी फुललेला असतो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनची गोष्ट मला जास्त जवळची वाटते, कारण तिथे बांधकामापेक्षा विचार जास्त होता. १९७७ साली त्यांनी शहराच्या मध्यभागाचे चार भाग केले. पायी किंवा सायकलने एका भागातून दुसऱ्यात सरळ जाता येई. गाडीला मात्र बाहेर पडून, वळसा घालून, दुसऱ्या बाजूने आत यावं लागे. गाडी कुठल्याही दारापर्यंत जाऊ शकत होती, फक्त आरपार जाऊ शकत नव्हती. पाट्या, अडथळे, एकेरी रस्ते यांवर भागलं. दुकानदारांनी तिथेही कडाडून विरोध केला होता. बेल्जियममधल्या गेंट शहराने हीच कल्पना २०१७ साली उचलली आणि तिथल्या वाहतूक बघणाऱ्या उपमहापौरांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. रस्त्यावरची जागा माणसाच्या किती आत जाऊन बसलेली असते, याचा अंदाज यावरून यावा.

सुनावणीच्या दुसऱ्या तासात वाहतूक विभागातल्या एक तरुण अभियंता पडद्यावर आकडे दाखवत होत्या. चौकातून तासाला किती दुचाकी, किती चारचाकी, किती बस, किती ट्रक. सकाळचे, संध्याकाळचे, सुट्टीच्या दिवशीचे. मागून एका बाईंनी विचारलं, "आणि चालणारे किती?"

अभियंता थांबल्या. म्हणाल्या, "चालणाऱ्यांची मोजणी या कामात नव्हती."

चालणाऱ्यांसाठी पैसे द्यायचे की नाही हे ठरवायला जमलेल्या सभेत चालणाऱ्यांचा आकडा नव्हता. त्या बिचाऱ्या अभियंत्याचा यात दोष नाही. वाहतूक म्हटलं की वाहनं, असं धरूनच तक्ते छापले जातात. पूल किंवा रुंदीकरण मंजूर करताना एका गाडीचे वाचणारे सेकंद हजारो गाड्यांनी गुणून त्याचे पैसे केले जातात आणि तो आकडा फायद्याच्या रकान्यात बसतो. आत्या कडेला उभी राहून दोन-दोन सिग्नल घालवते, तो वेळ कुठल्याच रकान्यात बसत नाही. तिच्या चालण्याचा उपयोग मोजता येत नाही असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने चालणं आणि सायकल यांमुळे किती मृत्यू टळतात आणि त्याची पैशातली किंमत किती, हे काढण्यासाठी हीट नावाचं साधन तयार करून ठेवलं आहे. ज्याला वापरायचं त्याला ते वापरता येतं.

आणि मोजणी झाली असती तरी आत्या तीत आली नसती, हा विचार मला सभागृहातच आला आणि नंतर दोन दिवस त्याने पाठ सोडली नाही. मोजणारा माणूस क्रॉसिंगवरून पलीकडे गेलेली डोकी मोजतो. जी परत फिरली ती कुठे मोजणार? जी परत फिरून फिरून शेवटी घरातच राहिली, ती तर रस्त्याच्या कडेपर्यंतही येत नाहीत. मग कोणीतरी उठून म्हणतं, "या रस्त्यावर म्हातारी माणसं, लहान मुलं दिसतातच कुठे? कोणासाठी हा खर्च?" त्या संध्याकाळी हे वाक्य खरंच बोललं गेलं, आणि बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. नदीत पोहून पलीकडे जाणारं कोणी दिसत नाही म्हणून पुलाची गरज नाही, असं कोणी म्हणत नाही. रस्त्याच्या बाबतीत आपण ते सहज म्हणून जातो.

मेलेली माणसं मोजली जातात. नेदरलँड्समध्ये १९७१ या एका वर्षात रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसं गेली, त्यांत ४०० हून जास्त मुलं होती. आईबाप रस्त्यावर आले, मुलांना मारणं थांबवा अशा नावाची चळवळ उभी राहिली, आणि आज ज्या सायकलींच्या देशाचं आपण कौतुक करतो तो देश घडण्यात त्या आकड्याचा मोठा वाटा आहे. घाबरून घरात राहिलेल्यांचा असा आकडा कुठेच निघत नाही. अपघातांच्या नोंदीत आमच्या चौकाचं रूप तर चांगलंच दिसतं. सभेत कोणीतरी तेही सांगितलं: गेल्या काही वर्षांत इथे मोठा अपघात नाही, म्हणजे चौक सुरक्षित आहे. आत्या तिथून जात नाही, हेही त्या सुरक्षिततेचं एक कारण आहे.

एक तरुण म्हणाला, सगळ्यांनी जरा सांभाळून चालवलं, सांभाळून चाललं की झालं. मला त्याला सांगायचं होतं की ताशी ५० किलोमीटरने येणाऱ्या गाडीत ताशी ३० च्या वेगाच्या त्याच गाडीपेक्षा पावणेतीन पट ऊर्जा असते, आणि हा हिशेब चालकाच्या स्वभावावर बदलत नाही. म्हणून रस्त्याची रचनाच अशी करावी लागते की वेग आपोआप कमी राहील. पण माझं नाव पुकारलं गेलं नव्हतं आणि मी बसून राहिले. तेव्हा बोलले नाही याचं आजही वाईट वाटतं.

आमच्या बाजूच्या लोकांबद्दलही मला बोललं पाहिजे. सायकलवाली मुलं पट्टीच्या रंगाबद्दल फार बोलली. रंगवलेल्या पट्टीने कोणाचं रक्षण होत नाही, तिच्यावर गाड्या लागतात. आणि चौकापाशी येऊन संपणारी पट्टी नसल्यासारखीच, कारण भीती चौकातच असते. स्पेनमधल्या सेव्हिलने २००६-०७ च्या सुमाराला सुमारे ८० किलोमीटरचे वेगळे, एकमेकांना जोडलेले सायकलमार्ग एका दमात बांधले आणि सायकलींची संख्या झपाट्याने वाढली. जोडलेले, हा त्यातला कळीचा शब्द. आराखड्याच्या अंदाजपत्रकात मात्र कुंड्या, नक्षीदार दिवे आणि रंगीत पेव्हर ब्लॉक यांवर बराच खर्च दाखवला होता. विरोधकांनी त्याला सुशोभीकरण म्हटलं ते चूक नव्हतं. आत्याला कुंडी नको आहे. तिला कड खाली आणून हवी आहे.

सगळ्यात महत्त्वाचं बोलले ते एक अंध गृहस्थ. फूटपाथ आणि रस्ता एका पातळीला आणा, असं आम्ही सगळे एका सुरात म्हणत होतो. ते म्हणाले, "कड गेली तर फूटपाथ कुठे संपला हे माझ्या काठीला कसं कळणार?" मी त्या क्षणापर्यंत हा विचारच केला नव्हता. जपानमधल्या ओकायामा शहरात १९६७ साली पायाला जाणवतील अशा उंचवट्यांच्या फरशा पहिल्यांदा रस्त्याकडेला बसवल्या गेल्या, त्या याचसाठी. सेइची मियाके यांची ती कल्पना. आमच्याकडेही अशा फरशा आहेत, पण काही ठिकाणी त्या सरळ खांबावर नेऊन सोडतात. गृहस्थ पुढे म्हणाले, "आणि सायकली फूटपाथवर पाठवू नका. मला त्यांचा आवाज येत नाही." त्यांचं बोलणं तीन मिनिटांत संपलं. त्या तीन तासांत आराखडा खऱ्या अर्थाने सुधारणारं तेवढंच बोलणं झालं, असं मला वाटतं.

निर्णय झाला नाही. विषय पुढच्या बैठकीत ठेवला गेला.

त्याच आठवड्यात मी आणि आत्या त्या चौकात जाऊन बसलो. कल्पना तिचीच. मी तिला सुनावणीतलं सगळं सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "अगं, मग आपणच मोजू की." बंद असलेल्या एका इमारतीच्या पायरीवर आम्ही बसलो, पाच ते सहा. आत्याच्या मांडीवर पाटीसारखं पुठ्ठ्याचं पॅड आणि पेन्सिल. शाळेत हजेरी घ्यायची तशी ती एकेक रेघ ओढत होती. परत फिरली ती माणसं एका बाजूला, सिग्नल तोडून धावत गेली ती दुसऱ्या बाजूला. एक आई दोन मुलांना घेऊन तीन वेळा कडेला आली आणि तीन वेळा मागे सरकली, शेवटी रिकामा रस्ता बघून पळाली. तिला कुठल्या बाजूला मांडायचं यावर आमची चर्चा झाली. एक म्हातारे गृहस्थ दुभाजकापर्यंत जाऊन परत आले. तेव्हा आत्याने मान वर केली, त्यांच्याकडे बघितलं आणि रेघ जरा जोरात ओढली.

तासाभरात परत फिरलेली एकोणीस.

तो कागद मी वाहतूक विभागात नेऊन दिला. त्याच अभियंता होत्या. एका तासाची, एका दिवसाची, घरच्या माणसाने केलेली मोजणी कामाची नाही, असं त्या म्हणू शकल्या असत्या. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "१८ सेकंद तुम्ही स्वतः मोजले?" मग त्यांनी समजावून सांगितलं. दिव्याची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरतात. म्हणजे १६ मीटरला चौदा सेकंदसुद्धा पुरतात, १८ तर जास्तच झाले. आत्या सेकंदाला जेमतेम पाऊण मीटर चालते, हे मी मोजलं होतं. इंग्लंडमध्ये ६५ वर्षांवरच्या माणसांचा चालण्याचा वेग मोजला गेला तेव्हा त्यांतले बहुसंख्य १.२ मीटरच्या मागेच पडले, हे मी वाचलेलं त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. "वेळ वाढवायला निधी लागत नाही," म्हणाल्या. "मी वरिष्ठांशी बोलते."

दहा-बारा दिवसांनी हिरवा दिवा ३० सेकंदांचा झाला. गाड्यांच्या रांगा लांबल्या अशी तक्रार मी अजून तरी ऐकलेली नाही.

काल आत्याला घेऊन गेले. दुपारची वेळ, हातात बदलायचं पुस्तक. काठी, उजवा पाय, डावा पाय. दुभाजक मागे पडला तरी दिवा हिरवा होता. ती एकदाही मागे वळून बघत नव्हती, सरळ समोर, वाचनालयाच्या दाराकडे. पलीकडे पोचली तेव्हा सिग्नलवरचा उरलेल्या सेकंदांचा आकडा सहावर होता.

आणि तिथे ती थांबली. समोर तीच कड. खाली उतरणं तिला काठीच्या आधाराने जमतं, वर चढणं एकटीला जमत नाही, हे मी इतके दिवस मोजण्याच्या नादात विसरले होते. पाच, चार. आत्या कडेकडेने डावीकडे सरकली, कुठे कमी उंच आहे का ते काठीने चाचपत. तीन. मी वर चढून हात पुढे केला. तिने पुस्तक माझ्या हातात दिलं आणि स्वतःचा हात खांबाला घातला.